उसावर वाढलेली वासरं

दुष्काळातल्या चारा छावणीत जनावरं घेऊन कोणी जायचं हे ठरत होतं तेव्हा मी चुलीपुढे भाकऱ्या थापत होते. बाहेर ओट्यावर सासरे आणि माझा नवरा बोलत होते. सासूबाईंचे गुडघे गेलेले. एकदा खाली बसल्या की उठवायला माणूस लागायचं. नवरा सुप्याच्या एमआयडीसीत कामाला होता, तिथे त्याला पर्मनंट करतील अशी आशा लागली होती आणि खाडे झाले तर ती आशाही जाणार होती. राहिले सासरे. पण पाच जनावरांचा ऊस वाहायचा, तोडायचा, टाकीवरून पाणी आणायचं, हे त्यांच्या एकट्याच्या हातून होणारं नव्हतं. बराच वेळ बोलणं चाललं आणि मग एकदम थांबलं. ते थांबलं तेव्हाच मला समजलं की आता माझ्यावर आलंय.

मला कोणी विचारलं नाही. रात्री नवरा म्हणाला, "महिना-दीड महिन्याचा प्रश्न आहे. पाऊस पडला की परत."

मी भिंगारची. वडील लष्कराच्या डेपोत कारकून, त्यामुळे लहानपण क्वार्टरमध्ये गेलं. घरात नळ, समोर डांबरी रस्ता, पाच मिनिटांवर बाजार. गाय म्हणजे भाजीच्या गाडीत तोंड घालून मार खाणारी, एवढीच माहीत. लग्न होऊन पाथर्डी तालुक्यात आले तेव्हा मी गोठ्यात एकटी जायचे नाही. दोन वर्षांत धार काढायला शिकले, पण जनावरांबरोबर राहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

छावणी एका माळावर होती. झाड म्हणून नव्हतं. बांबू रोवून वर हिरवी जाळी टाकलेल्या लांबच लांब रांगा, त्यात खुंट्याला जनावरं आणि जनावरांच्या पायाशी माणसं. भोवती बाभळीच्या फांद्यांचं कुंपण, एक फाटक. प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला. सकाळी एक माणूस मोबाईल घेऊन यायचा, बिल्ला टिपायचा आणि जनावराजवळ कोण आहे ते बघायचा. जनावराजवळ माणूस नसेल तर कटकट, जनावर जागेवर नसेल तर चारा बंद. म्हणून जनावरं बांधलेली, आणि त्यांच्यामुळे आम्हीही.

आमच्या वाट्याला जी जागा आली तिच्यात मी एक जुनं लुगडं आडवं बांधलं. अलीकडे मी, पलीकडे सासरे. मी त्यांना मामा म्हणायचे, पण त्याआधी त्यांच्याशी सरळ बोलणं कधी पडलंच नव्हतं. ते हवेत बघून बोलायचे. "पानी आलं वाटतं टँकरचं." म्हणजे मी जाऊन आणायचं. "भूक लागली आसंल लोकान्ला." म्हणजे त्यांना लागलीय. दिवसभर दोन माणसं हातभर अंतरावर, आणि एवढंच बोलणं. डोक्यावरचा पदर तर सावलीतसुद्धा खाली घेता यायचा नाही. उन्हाने जाळी तापायची, खाली शेणाची वाफ, आणि मी त्या पदरात कोंडल्यासारखी बसलेली असायचे.

बायकांना बाहेर जायची सोय नव्हती. उजाडायच्या आत कुंपणाबाहेर जाऊन यायचं, नाहीतर अंधार पडेपर्यंत थांबायचं. म्हणून मी पाणी कमी प्यायचे. शेजारच्या खुंट्यावर एक मावशी होत्या, एकट्या, दोन म्हशी घेऊन आलेल्या. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "पोरी, हितं तोंडबी बांधायचं आन् पोटबी."

आमच्या दोन गाया छावणीत यायच्या थोड्या आधीच व्यायल्या होत्या. तांबडी गाय गावठी, तिला गोऱ्हा झालेला. कबरी संकरित, तिला कालवड. तो गोऱ्हा म्हणजे मामांचा जीव. आता बैल कोण ठेवतं, पेरणीसुद्धा ट्रॅक्टरने होते, पण मामांना मरायच्या आधी एकदा घरच्या बैलाच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. तसं ते बोलले नव्हते, पण त्याच्याकडे बघण्यातच ते दिसायचं.

चारा म्हणून रोज ऊस यायचा. ट्रॅक्टर आला की सगळे धावायचे. मोळी डोक्यावर घेऊन यायचं, कोयत्याने तुकडे करायचे, टाकायचे. पहिल्या दिवशी जनावरांनी गोड म्हणून हावऱ्यासारखा खाल्ला. पुढे पुढे तोंडं सोलायला लागली, तरी खात होती, कारण दुसरं काही नव्हतं. मोठ्या जनावरांना अधूनमधून पेंड मिळायची. लहानांना नाही. गाया दुधाला कमी झाल्या. जे निघायचं त्यातलं बरंचसं मामा सकाळच्या डेअरीच्या गाडीला घालायचे. "घालनं मोडलं तर परत घेत न्हाईत," ते म्हणायचे. वासरांना शेवटी दोन-चार घोट.

त्याची भरपाई मामा उसाने करायचे. संध्याकाळी पाय पसरून बसायचे, गोऱ्हा त्यांच्या मांडीला तोंड घासत उभा. उसाचं कांडं दाताने सोलायचे, सुरीने सुपारीएवढे तुकडे करायचे आणि एकेक त्याला भरवायचे. मला ते बघायला आवडायचं. या माणसाला हे येतं, असं वाटायचं.

गोऱ्ह्याचं पोट सुटलं. मावशी म्हणाल्या, "बगा की, कसं अंगाला लागलंय." मलाही तसंच वाटलं. पण त्याच्या पाठीची हाडं वर यायला लागली होती, केस राठ झाले होते, आणि मग एक दिवस तो पातळ हागायला लागला.

मामांनी लगेच सांगितलं, "दूध तोडा त्याचं. पोट बिगडलंय, दूध जड पडतं." त्यांच्या बापाने, आज्याने हेच केलेलं. माझ्या आईनेसुद्धा आमचं पोट बिघडलं की दूध बंदच केलं असतं. मी तांदळाची पेज केली, ती पाजली. दोन घोट दूध होतं तेही गेलं. पोट हलकं राहावं म्हणून पेज, आणि अंगात ताकद यावी म्हणून उसाचे तुकडे. एखादा दिवस बरा जायचा, परत सुरू. परत पेज. मेडिकलमधून आणलेली गोळी दिली की थांबायचं, गोळी संपली की पुन्हा. शेपटीखालचं सगळं चिकटून जायचं. मी कोमट पाण्याने धुवायचे, तेही पाणी मोजून वापरायचं होतं. तो उभा राहायचा, पण मान खाली.

त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा होता, भिंगारला. नवऱ्याने मोटारसायकल घेऊन यायचं, मला एसटीत बसवून द्यायचं आणि दिवसभर माझ्या जागी छावणीत थांबायचं, असं ठरलं होतं. मी भल्या पहाटे डोक्यावरून पाणी घेतलं, पिशवीतली चांगली साडी काढली, लुगड्याच्या आडोशाला नेसले. बाहेर आले तर गोऱ्हा आडवा पडलेला. पुढचे गुडघे सुजले होते, अंग तापलं होतं. मामा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले.

"जाशील?"

विचारलं होतं की सांगितलं होतं, मला कळलं नाही. मी साडी बदलली. नवरा आल्यावर त्याला डॉक्टरला आणायला पाठवलं.

छावणीत मोबाईलला रेंज फक्त शेणाच्या ढिगावर चढलं की मिळायची. दुपारी मी त्या ढिगावर उभी राहून व्हिडिओ कॉलवर बहिणीचा साखरपुडा पाहिला. बहीण हिरव्या साडीत होती. आई कॅमेऱ्याला म्हणाली, "अगं, किती वाळलीस गं!" चित्र अडकलं आणि आईचं तोंड तसंच उघडं राहिलं. मी फोन कानाला लावून बराच वेळ "हॅलो, हॅलो" म्हणत राहिले. खाली उतरले तेव्हा चपला शेणात रुतल्या होत्या, आणि मावशी मला शोधत येत होत्या. गोऱ्हा गेला होता.

डॉक्टर आले ते त्यानंतर. वयस्क, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. त्या आठवड्यात छावणीत आणखीही वासरं गेली होती आणि साथ आलीय अशी बोंब उठली होती. लोक एकमेकांच्या दावणीला जाईनात. म्हणून डॉक्टर म्हणाले, "उघडून बघतो. म्हणजे एकदाची शंका मिटेल." कुंपणाबाहेर खड्डा काढला होता, त्याच्या कडेला गोऱ्ह्याला ठेवलं. मामा पाठ करून उभे राहिले. नवरा रात्रपाळीला पोचायला हवं म्हणून निघून गेला होता. पाण्याचा कॅन धरायला मी राहिले.

मला वाटलं होतं मला चक्कर येईल. नाही आली. डॉक्टरांनी आतड्याचा एक वेढा बाहेर काढला, कापून उघडला, धुतला आणि हाताच्या पंजावर पसरला. त्यातून त्यांची बोटं दिसत होती.

"हे बघ," ते म्हणाले. "निरोगी वासराचं आतडं आतून मखमलीसारखं असतं. बारीक बारीक लव असते त्याला. तीच अन्न शोषून घेते. इथे लव झडून गेलीय. नुसता पापुद्रा राहिलाय."

"कशाने?" मी विचारलं.

"आतड्याचं आतलं अस्तर सारखं झिजत असतं आणि सारखं नवं येत असतं. मातीची भिंत कशी सारवत राहावी लागते, तसं. ते सारवायला प्रथिनं लागतात. दुधातून, पेंडीतून, पाल्यातून येतात ती. उसात काय आहे? साखर, पाणी आणि चोथा. भिंत सारवली गेली नाही की भेगा पडतात, आणि आतड्यातली घाण त्या भेगांमधून रक्तात जाते. गुडघे सुजले होते ना? घाण तिथवर पोचली होती." मग त्यांनी आवाज चढवून मामांना ऐकू जाईल असं म्हटलं, "साथ-बिथ काही नाही. हे खायला न मिळाल्याने झालंय."

मामा वळले. मी त्यांना एवढं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"खायाला न्हाई म्हंता? माज्या हातानं भरिवलं म्या त्याला! पोट बगा की केवढं हुतं!"

"पोट भरलं होतं, बाबा," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "अंगाला काही मिळालं नव्हतं."

"दूध तर तोडलं हुतं, जड पडतंय म्हनून..."

"दूध तोडायला नको होतं."

मामा खड्ड्याकडे गेले नाहीत. आत जाऊन खुंट्यापाशी बसले. मी डॉक्टरांच्या हातावर पाणी घातलं आणि विचारलं, लहान जनावरांना पेंड का नाही देत. ते म्हणाले, "मी वर लिहून पाठवलंय. माझ्या हातात औषधाची पेटी आहे, चाऱ्याचं ठरवणं नाही." पेटी बंद करताना त्यांनी विचारलं, "दुसरं आहे का?" कालवड होती. तिलाही पातळ होत होतं, आणि तिचंही दूध आम्ही दोन दिवसांपासून तोडलं होतं. "आजपासून दूध सुरू कर," ते म्हणाले. "थोडं थोडं, पण दिवसातून चार वेळा. मीठ-साखरेचं पाणी वेगळं पाज. शेंगपेंड भिजवून बोटाने चाटव. आणि कुठे शेवरीचा पाला मिळाला तर बघ."

त्या माळावर शेवरी कुठली? आणि दूध मामांच्या हातात होतं.

धार दोन्ही वेळा मीच काढायचे. त्या संध्याकाळी कबरीचे दोन सड मी तसेच ठेवले आणि कालवडीला लावलं. तिला नीट ओढताही येईना. मी बोटाने तिच्या तोंडात धार सोडली. लुगड्याच्या पलीकडून आवाज आला.

"दूध कमी दिसतंय."

लग्नानंतर आजवर मी त्यांना उलट बोलले नव्हते. "वासराला ठेवलंय, मामा."

"कुनाला इचारून?"

"डॉक्टर म्हणाले."

पलीकडून आलं, "डॉक्टर हुता का त्याच्या उशाशी रातभर?" एवढंच. मी बादली उचलून बाजूला ठेवली. सकाळी परत तसंच केलं, आणि त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. असे काही दिवस गेले. ते माझ्याशी बोलत नव्हते, जेवण पुढे ठेवलं की अर्धं ठेवून उठायचे. आता तर हवेत बघूनही ते काही म्हणत नव्हते. त्या चार हात जागेत ते मौन मला उन्हापेक्षा जास्त लागायचं. कुठे उठून जावं म्हटलं तर जागा नाही. माणसांनी भरलेल्या त्या छावणीत मला ढिगावर जाऊन रडावं लागायचं, म्हणजे लोकांना वाटावं फोनवर बोलतेय.

एक दिवस उठले तर मामा जागेवर नव्हते. वाटलं, टाकीवर गेले असतील. मोबाईलवाला आला, बिल्ले टिपत आमच्यापाशी थांबला.

"मालक कुठंय?"

"मी आहे ना," मी म्हटलं. तो माझ्याकडे, मग जनावरांकडे बघून पुढे गेला.

दुपार झाली तरी मामा नाहीत. मावशींना विचारलं, फाटकावर विचारलं; पहाटेच बाहेर पडताना कोणीतरी पाहिलं होतं. त्यांच्याकडे फोन नव्हता. माळाच्या खालच्या बाजूला एक जुनी विहीर होती, कोरडी, कठडा नसलेली. माझ्या मनात ती आली आणि जाईना. जाऊन बघावं तर जनावरं सोडून कशी जाऊ? मावशींनी मग त्यांच्या म्हशी माझ्याकडे सोपवल्या आणि त्याच बघून आल्या. "काय न्हाई तितं," त्या म्हणाल्या. तरी मी फाटकाकडेच बघत राहिले. नवऱ्याला फोन करावा की नको, हेच दिवसभर घोकत राहिले. शेवटी केला नाही. केला असता तर तो ड्युटी सोडून आला असता, आणि आला असता तरी त्याने काय केलं असतं?

दिवस मावळताना फाटकापाशी एक टेम्पो थांबला, घोडेगावच्या बाजारातून परतणारा. त्यातून मामा उतरले. डोक्यावर हिरवा भारा. चालताना एक पाय ओढत होते. त्यांची बहीण तिकडे कॅनॉलच्या भागात दिलेली. तिच्या बांधावर शेवरी होती. भारा खाली टाकून ते धापा टाकत बसले.

"पाला आनलाय," ते म्हणाले. हवेत नाही; माझ्याकडे बघून.

मी पाणी दिलं. मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटत होतं. "सांगून तरी जायचं, मामा. मी काय काय समजले."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "काय समजलीस?"

मी विहिरीकडे बघितलं असेल. त्यांना कळलं. "न्हाई गं," ते म्हणाले. "तसलं न्हाई."

मग त्यांनी बंडीच्या खिशातून एक काळा दोरा काढला. बहिणीच्या गावातल्या कोणा जाणत्याने मंतरून दिलेला. कालवडीच्या गळ्यात बांधता बांधता म्हणाले, "दोन्ही करू. कशानं का व्हईना." मी पाला कोवळा कोवळा निवडून तिच्या तोंडाशी धरला. तिने हुंगला आणि एक पान ओढलं.

बहिणीचा मुलगा त्यानंतर बाजाराला येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांबरोबर अधूनमधून भारा पाठवायचा. शेंगपेंड नवऱ्याने सुप्याहून येताना आणली. कालवड एकदम बरी झाली नाही. आज बरी, उद्या परत ढाळ, असं बरेच दिवस चाललं. पण मान वर आली. एका सकाळी तिने दाव्याला हिसका दिला आणि माझ्या पायावर पाय दिला. मी कळवळले, आणि मामा हसले. छावणीत आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

नवरा म्हणाला होता महिना-दीड महिना. झाले चार. छावणी बंद झाली तेव्हा घरी जायला टेम्पो मिळेना, म्हणून आम्ही जनावरं चालवत नेली, मी कालवडीचं दावं धरून. डॉक्टर नंतर एकदा गावात आले तेव्हा त्यांनी तिला चाचपून पाहिलं. म्हणाले, आतडं भरून येतं, पण त्या दिवसांत अंगाची जी वाढ राहिली ती राहिलीच. तसंच झालं. तिच्याबरोबरच्या गावातल्या कालवडी व्यायल्या तरी ही खुजीच. गाभण राहायलाही तिने फार उशीर लावला.

तोवर मी गाव सोडलं होतं. नवरा पर्मनंट झाला आणि त्याने सुप्यात खोली घेतली. एक खोली, एक खिडकी, खिडकीसमोर कंपनीची भिंत. तो सेकंड शिफ्टला गेला की मी दार लावून घेते. इथे नळ आहे, पदर घ्यावा लागत नाही, फोनला रेंज भरपूर आहे. तरी दुपारी कधी कधी मला उठून कुठेतरी जावंसं वाटतं आणि कुठे ते सुचत नाही. छावणीत निदान कुंपण दिसत होतं.

मागच्या थंडीत दुपारीच फोन आला. सासूबाईंचा नंबर, पण आवाज मामांचा. त्यांनी मला आधी कधीच फोन केला नव्हता. सुरुवातीला नुसता श्वास ऐकू आला.

"मामा? काय झालं?"

"व्याली ती. कालवड झाली."

"बरी आहे?"

"बारकी हाय लई. पर उभी ऱ्हायली." मग त्यांनी विचारलं, "चीक किती पाजू गं?"

"तिला पाहिजे तेवढा पाजा. आत्ताच पाजा, उशीर नका करू. आणि मग थोडा थोडा, परत परत."

"खरवसासाठी शेजारचे आलेत भांडी घिऊन."

"नाही म्हणा त्यांना."

"म्हनतो," मामा म्हणाले. मग फोन कसा बंद करायचा ते त्यांना माहीत नसावं. तो खाटेवर तसाच ठेवलेला असणार, कारण मला बराच वेळ गोठ्यातले आवाज ऐकू येत राहिले. बादली सरकवल्याचा, गाय हंबरल्याचा, आणि मामांचा, कोणाला तरी सांगतानाचा: "न्हाई, न्हाई. आज न्हाई मिळायचं."